हशाची जागा

सकाळी सव्वासहा

दांड्याच्या कोळीवाड्यात स्टुडिओ थाटायचा तर वास, दमट हवा आणि डिझेलचं इंजिन या तिघांशी जमवून घ्यावं लागतं. वासाची सवय होते. इंजिनाची वेळ समुद्र ठरवतो, म्हणून माझ्या टेबलासमोर रेकॉर्डिंगच्या वेळापत्रकाशेजारी भरती-ओहोटीचा तक्ता चिकटवलेला आहे. होड्या हलायला लागल्या की शंभर हर्ट्‌झच्या खाली एक डुगडुग सुरू होते. ती खिडकीतून आत येत नाही, जमिनीतून चढते आणि नेमकी बेस गिटारच्या पायाशी जाऊन बसते. त्या वेळात मी संकलन करतो, माइक उघडत नाही.

दमटपणाचं मात्र रोज उठून करावं लागतं. हवेतलं पाणी ओढणारं यंत्र रात्रभर चालू असतं. त्याची टाकी काढून मोरीत रिकामी करणे, हे माझ्या दिवसाचं पहिलं काम. मग माइकांचा हवाबंद डबा. कंडेन्सर माइकचा पडदा सोन्याचा मुलामा दिलेला आणि केसापेक्षा पातळ असतो. त्याला ओल लागली की रेकॉर्डिंगमध्ये चणे भाजल्यासारखी तडतड येते. म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की दाणे तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. आज गुलाबी झाल्या होत्या. तवा जुना आहे, स्वयंपाकाचा नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दरवेळी सांगावं लागतं.

खोली घरमालकीण मावशींची. खाली पूर्वी जाळी असायची, वर पोटमाळा. आता खाली गायकाची खोली, वर माझं मिक्सिंगचं टेबल. समोरच्या मोकळ्या जागेत वलांडीवर बोंबील वाळत घातलेत. शिमगा तोंडावर आलाय, त्यामुळे रात्री ढोलांचा सराव सुरू झाला आहे. म्हणजे आवाजाची कामं दिवसाउजेडी उरकायची.

आज गुरुवार. रात्री बाराच्या आत आठ गाण्यांचा एक अल्बम वितरकाकडे चढवायचा आहे. गाणी ज्याची आहेत तो पोटापाण्यासाठी लोकांना हसवतो. हातात माइक घेऊन एकटा उभा राहतो, मराठीत आणि हिंदीत. त्याचं नाव इथे देत नाही. अल्बम आला की ते दिसेलच. मुद्दा असा, की या आठ गाण्यांत विनोद नाही. विडंबन नाही, फिरकी नाही. माणूस मनापासून गातोय, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली आहे.

सकाळी साडेआठ

लोणच्याची जाहिरात, वीस सेकंद. या खोलीचं भाडं अल्बम देत नाहीत, लोणची देतात. पुढे पॉडकास्टचे दोन भाग साफ केले: खोकला, पाण्याचे घोट, ‘ॲक्च्युअली’. हे काम हाताला इतकं सवयीचं झालंय की त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी साडेदहा

आमच्या गायकाची दहाची वेळ होती. बोरिवलीहून लोकल, खार स्टेशनवरून रिक्षा. काल रात्री तीनला झोपलाय असं चेहऱ्यावर लिहिलेलं. विनोदवाल्यांचे गळे सकाळी कामाचे नसतात, म्हणून सकाळ फक्त ऐकायची.

चौथं गाणं लावलं. हे त्याच्या वडिलांचं. वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होताना त्यांनी तिकिटं टोचायचा तो चिमटा जपून ठेवला होता. इलेक्ट्रॉनिक यंत्रं आल्यावर त्याचं कामच संपलं होतं. मुलाने एक दिवस तो खिशातून आणला आणि म्हणाला, “दादा, हा वाजव.” जुन्या मुंबईकराला तो आवाज सांगायला नको: गर्दीतून वाट काढत येणारा कंडक्टर बोटांत चिमटा दाबत राहायचा, आणि न पाहता कळायचं की पैसे काढायला हवेत. आम्ही तो छोट्या डायफ्रॅमच्या माइकने अगदी जवळून घेतला. जवळून घेतल्यावर त्यात दोन आवाज निघाले, दाबतानाचा कोरडा आणि स्प्रिंग सुटतानाचा थोडा गोड. बँडमधल्या ड्रमवाल्याने ते दोन्ही वेगळे करून ठेक्यात बसवले. गाण्याची सुरुवात त्या टकटकीनेच होते.

अडचण पुढे आहे. दुसऱ्या अंतऱ्यात एक ओळ येते. वडील झोपेतसुद्धा थांब्यांची नावं क्रमाने म्हणायचे, अशा अर्थाची. ओळ संपली की तो थांबतो. दीड मात्रा. कागदावर तिथे थांबा नाही, चालीत नाही, ठेका मागत नाही. मी त्याला पडद्यावर लहरींचा आलेख मोठा करून दाखवला: इथे तुझा आवाज संपतो, इथे पुढचा शब्द सुरू होतो, आणि मधे हे सपाट मैदान.

“हे काय आहे?”

तो बराच वेळ बघत राहिला. “हशाची जागा आहे, दादा.”

एकट्याने लोकांना हसवणं हा बाहेरून शब्दांचा धंदा वाटतो, आतून तो वेळेचा धंदा आहे. ओळ टाकायची, थांबायचं, हशा वर चढू द्यायचा, तो उतरायला लागला की पूर्ण विरायच्या आत पुढची ओळ टाकायची. लवकर बोललास तर हशा कापला जातो, उशीर केलास तर खोली गार पडते. वर्षानुवर्षं रोज रात्री हे केलेल्या माणसाच्या फुप्फुसांनाच ते पाठ झालेलं असतं. ठरवून थांबत नाही तो. त्याचा श्वास थांबतो. गाण्यात मात्र ती जागा लोकांची नसते, वाद्यांची असते. आणि या अल्बमला बँड लागला तो याच कारणासाठी, असं माझं मत आहे. एकटा गिटार घेऊन बसला असता तर प्रत्येक ओळीनंतर त्याने ही दीड मात्रा सोडली असती आणि ऐकणाऱ्याने सवयीने त्यात हसून घेतलं असतं. मागे चार जण वाजवत असले की थांबायची सोय राहत नाही. ठेका पुढे जातो, तुला जावंच लागतं.

बेसवाल्याचं म्हणणं, ती जागा कापून टाका. याचं म्हणणं, राहू दे, खरी आहे. मी दोन्ही मिक्स करून ठेवले आणि जेवायची वेळ झाली असं सांगितलं.

दुपारी साडेबारा

मावशींनी ताटं पाठवली नाहीत, स्वतः आल्या. तांदळाची भाकरी, मांदेलीचं तिखलं. त्यांना गाणी ऐकायची होती. त्यांच्या दृष्टीने हा मुलगा म्हणजे मोबाइलवर दिसणारा, सुनेला हसवणारा. दोन गाणी कान देऊन ऐकली, मग अगदी सरळपणे विचारलं, “अरं, पन या गान्यान हसाचा कवा?”

त्याने हात जोडले. अल्बमवरची पहिली समीक्षा, आणि बहुधा सगळ्या समीक्षा हाच प्रश्न जास्त लांबवून विचारणार आहेत.

जेवताना विषय पुलंवर गेला. इथून दोन-तीन स्टेशनं पलीकडे पार्ल्यात वाढलेला माणूस. मराठी माणसाच्या डोक्यात पु. ल. म्हणजे हशा. आणि ‘इंद्रायणी काठी’ची चाल त्यांचीच. ‘गुळाचा गणपती’ या १९५३ सालच्या चित्रपटात कथा, पटकथा, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाचं कामही पुलंचं. पडद्यावर भोळसट नाऱ्या करणारा माणूस त्याच चित्रपटात भीमसेन जोशींच्या तोंडी तो अभंग ठेवतो, आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. ‘माझे जीवन गाणे’, ‘शब्दावाचून कळले सारे’ ही पाडगावकरांची गीतं पुलंच्या चालीत जितेंद्र अभिषेकी गायले. ‘नाच रे मोरा’ आशाबाईंच्या गळ्यातून आलं.

मला यातली मेख गळ्यात दिसते. पु. ल. स्वतः गायलेही आहेत, पेटी तर जन्मभर वाजवली, पण लोकांच्या ओठांवर राहिलेली त्यांची गाणी दुसऱ्यांच्या आवाजातली आहेत. ‘बटाट्याच्या चाळी’तली माणसं ज्या आवाजात बोलतात तो आवाज वेगळा, ‘इंद्रायणी काठी’चा आवाज वेगळा. ऐकणाऱ्याला दोन पु. ल. एकाच वेळी समोर उभे करावेच लागले नाहीत. आमच्या या गड्याला ती सोय नाही. ज्या गळ्याने काल रात्री सासऱ्याची नक्कल केली त्याच गळ्याने त्याला बापाबद्दल गायचंय.

“मग किशोरकुमार?” बेसवाला म्हणाला. उदाहरण चोख आहे. १९६२ मध्ये ‘हाफ टिकट’मध्ये बालिश सोंग काढून धुमाकूळ घालणारा माणूस १९६४ मध्ये ‘दूर गगन की छाँव में’ काढतो. निर्माता, दिग्दर्शक, संगीतकार, नायक सगळं स्वतः. युद्धावरून परतलेला सैनिक आणि त्याचा मुका मुलगा, मुलाच्या कामात स्वतःचाच मुलगा अमितकुमार. ‘आ चल के तुझे’ची चाल त्यांची आणि आवाजही त्यांचाच. हशाही त्याच गळ्यातून आणि हेही त्याच गळ्यातून. जुहूला राहायचे, म्हणजे आमच्या पोटमाळ्यापासून रिक्षाचं भाडंही फार होणार नाही इतक्या अंतरावर.

पण किशोरकुमारांच्या वेळी आधी अंधार व्हायचा, पाट्या यायच्या, कथा सुरू व्हायची, आणि मग गाणं. प्रेक्षकाला गंभीर व्हायला अर्धा तास मिळायचा. आमच्याकडे फोनवर बोट सरकायला लागतो तेवढाच वेळ.

दुपारी दोन

दांड्यातली सगळ्यात शांत वेळ. पहाटेपासून राबलेले लोक झोपलेत, बाजार उठलाय, समुद्र ओहोटीला, शाळा सुटायला अवकाश. चांगले टेक याच दोन तासांत मिळतात.

सातव्या गाण्याचा आवाज पुन्हा घ्यायचा होता. आधीच्या टेकमध्ये सूर ठीक, शब्द स्पष्ट, आणि तरीही तो गाताना खोटा वाटत होता. मी काचेतून त्याच्या हातांकडे बघत होतो. समोर स्टँडवर महागडा कंडेन्सर, पुढे जाळी, आणि हात दोन्ही बाजूंना लोंबकळत, कधी खिशात, कधी पाठीमागे. विनोदवाल्याचा हात माइकवर मोठा होतो. ओळ टाकायची तेव्हा माइक जवळ, नक्कल करायची तेव्हा तिरका, हशा आला की खाली. माइक म्हणजे त्याच्या हाताचं सहावं बोट, आणि मी तेच काढून घेतलं होतं.

कपाटातून साधा ५८ काढला. शुअर कंपनीचा एसएम ५८, १९६६ पासून बनतोय, जगातल्या जवळजवळ प्रत्येक स्टेजवर सापडतो, त्याची जाळी आपटून चेपलेली नसेल तर तो माइक अजून कामाला लागलेला नाही असं खुशाल समजावं. कंडेन्सरसारखा तपशील तो पकडत नाही, वरच्या पट्टीतली चमक देत नाही. हातात दिला. वायरीचं एक वेटोळं त्याने न बघता तळहातात घेतलं, रोज रात्री घेतो तसं. खांदे खाली आले.

टेक झाला. ध्रुवपदाच्या शेवटच्या शब्दाला त्याने माइक ओठांपासून दोन बोटं लांब नेला. नेहमीच्या सवयीने, पण इथे ती सवय बरोबर ठरली. आवाज आपोआप विरळ झाला. मी फेडरने ते केलं असतं तर इतकं सफाईदार झालं नसतं. काही जागी त्याची अंगठी माइकवर आपटल्याचा आवाज आहे. एक ठेवला, बाकीचे काढले.

दुपारी चार

फॉर्म भरणे. संगीताबद्दल लिहिणारे या तासाबद्दल कधी लिहीत नाहीत, खरं तर पैशाचा सगळा प्रश्न इथेच सुटतो किंवा बिघडतो.

प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा एक आयएसआरसी क्रमांक. गीतकार कोण, संगीतकार कोण, वाटा किती. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही. तो गोळा करायचं काम १९६९ पासूनच्या आयपीआरएस या संस्थेकडे. पण त्यासाठी आधी चाल कोणाची हे ठरायला हवं. शब्द सगळे याचे. चाली? तिसऱ्या गाण्याचा मुखडा बेसवाल्याने सरावात असाच छेडला होता आणि त्यावर शब्द बसले. विनोदाच्या धंद्यात ही भानगड नसते. विनोद ज्याचा त्याचा, चोरला तर भांडण, बस्स. इथे चौघांना समोर बसवून टक्के लिहून घेतले, सह्या घेतल्या. बँड फुटतात ते बहुतेक याच कागदावरून, म्हणून तो पहिल्याच दिवशी करायचा असतो. आमचा शेवटच्या दिवशी झाला, तरी झाला.

मग प्रकार. यादीतून एक निवडायचा. त्याच्या नावाचं पान आधीच आहे आणि त्यावर त्याचे विनोदाचे कार्यक्रम आहेत, ‘कॉमेडी’ म्हणून नोंदलेले. त्याच नावाने अल्बम टाकला तर वडिलांचं गाणं कुणाच्या तरी हसऱ्या यादीत, दोन चुटक्यांच्या मधे जाऊन पडेल. ड्रमवाला म्हणतो बँडच्या नावाने काढू. याला स्वतःचं नाव हवंय.

अमेरिकेतल्या टिम हायडेकरचं उदाहरण मीच काढलं. ‘टिम अँड एरिक’ या जोडीतला, मुद्दाम विचित्र विनोद करणारा माणूस. ‘फिअर ऑफ डेथ’ २०२०, ‘हायस्कूल’ २०२२, ‘स्लिपिंग अवे’ २०२४. तिन्ही अल्बम सरळ गाण्यांचे, त्यातला पहिला तर मरणाच्या भीतीवरचा. २०२२ च्या दौऱ्यात त्याने कार्यक्रमाचे सरळ दोन भाग केले. पूर्वार्धात एक भिकार, गर्विष्ठ विनोदवीर असं सोंग. उत्तरार्धात ‘व्हेरी गुड बँड’ घेऊन गाणी. सोंग आधीच उतरवून ठेवल्यावर पुढे जे उरतं ते सोंग नाही हे लोकांना सांगावं लागत नाही. स्टीव्ह मार्टिनने आणखी सोपा मार्ग घेतला होता. तो आधीपासून विनोदातच बँजो वाजवायचा, मग २००९ मध्ये ‘द क्रो’ काढला तेव्हा हात किती तयार आहे हे लोकांना ठाऊक होतं; अल्बमला ब्लूग्रासचं ग्रॅमी मिळालं. वाद्य उत्तम वाजवता आलं की कोणी हेतू विचारत नाही. गळ्याने गाणाऱ्याला तो विचारला जातो.

शेवटी नाव त्याचंच, शेजारी बँडचं, आणि यादीतून ‘सिंगर-साँगरायटर’. त्याने तो शब्द मोठ्याने वाचला आणि स्वतःच ओशाळून हसला.

संध्याकाळी साडेपाच

ट्रम्पेटवाले काका आले. दांड्यातलेच. हळदीला, वरातीला, देवाच्या पालखीला वाजवतात. एका गाण्यात ब्रास हवं होतं, बाहेरून सत्रवादक बोलवायचे तर बजेट नाही, आणि मला कोळीवाड्याच्या लग्नातला तो किंचित तारवटलेला, छाती काढून येणारा सूरच हवा होता.

“सूर कोनता?”

“पांढरी दोन.”

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “आमचा सगला काली पाचान असते.” ट्रम्पेट मुळात काळी पाचचं वाद्य, पांढरी दोनमध्ये वाजवायचं तर बोटांची कसरत. पण म्हणाले, लावा.

हेडफोनची त्यांना सवय नाही. एक कान आत, एक बाहेर. ज्या गाण्यासाठी बोलावलं होतं ते झटपट झालं. मग माइक उघडा असतानाच मी चौथं गाणं लावलं, फक्त ऐकवायला. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. टकटक ऐकून मान हलवली. “बस.” दुसरा अंतरा आला, ओळ संपली, ती दीड मात्रा आली, आणि काकांनी सहज तिथे चार सूर टाकले, खालून वर जाणारे, शेवटचा थोडा खरखरीत. वरातीत गाणाऱ्याने दम घेतला की बँडवाल्याने मधे भरायचं असतं, एवढाच त्यांचा हिशोब.

गाणं थांबवलं. ड्रमवाला, बेसवाला, हा, मी, सगळे एकमेकांकडे बघत होतो. काकांना वाटलं, चुकलं.

“रिकामी जागा दिसली म्हनून वाजवला. काढा पायजेल तर.”

काढलं नाही. परत लावून तेवढाच तुकडा पुन्हा घ्यावा असं बेसवाल्याने सुचवलं. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा त्यांना ती जागा रिकामी दिसली नसती.

काकांना मोकळेपणा कसला आहे हे नंतर लक्षात येतं. हळदीच्या मांडवात धवलारीण रडवणारी गाणी म्हणते, आणि तासाभरात तिथेच बाया एकमेकींच्या सासूची खिल्ली उडवत नाचतात. वाजवणारे तेच असतात. मधे कोणी येऊन ‘आता हे मनापासून आहे बरं का’ असं जाहीर करत नाही. ही अडचण तिकीट काढून खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाची आहे, मांडवातल्या माणसाची नाही.

रात्री नऊ

खार पश्चिमेला एका लहान हॉलमध्ये पाच-सहा जणांचा मिळून कार्यक्रम. त्याला पंधरा मिनिटं. आधी विनोद, शेवटी दोन गाणी, बँडसह, म्हणजे जागेअभावी ड्रमवाला फक्त एक खोका घेऊन बसलेला. काकांना दुसरीकडे हळद होती. त्यांचे सूर माझ्या लॅपटॉपवरून.

हा सगळा पट्टा आता विनोदाचा आहे. स्टेशनजवळचं ‘द हॅबिटॅट’ हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं ठिकाण. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या कार्यक्रमावरून तिथे तोडफोड झाली, तेव्हापासून इथल्या कलाकारांच्या गप्पांत तो विषय कुठून तरी येतोच. स्टेजमागे कोणीतरी याला म्हणालं, गाण्याकडे वळलास, बरं केलंस, सुरक्षित राहशील. हा म्हणाला, “गाण्यावरून कोणी तोडफोड करायला आलं, तर निदान कोणीतरी पूर्ण ऐकलं असं तरी होईल.”

विनोदाची दहा मिनिटं चोख गेली. मग त्याने माइक स्टँडला लावला, पुन्हा काढून हातात घेतला. टकटक सुरू झाली आणि लोक हसले. साहजिक आहे, आत्ताच तर हसत होते, आणि हा माणूस काहीतरी विचित्र करणार अशी त्यांची खात्री होती. पहिल्या अंतऱ्यात एकदोन ठिकाणी हशा आला. चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला तो आवडतोय. ही भूक जात नाही. दुसऱ्या अंतऱ्यात झोपेतल्या थांब्यांची ओळ आली, तो थांबला, सवयीप्रमाणे, आणि सगळी खोली खळखळून हसली. त्या हशावर मी काकांचे सूर सोडले.

हशा कापला गेला. विनोदाच्या हिशोबात हे पाप आहे. पुढच्या रांगेतल्या एका मुलीचा हात तोंडावर गेला, बाकीचे अर्ध्यात थांबले, आणि बँड पुढे निघालाच होता, त्यामुळे आपण कुठे चुकीचं हसलो का हे ठरवायला कोणाला सवडच मिळाली नाही. उरलेलं गाणं लोकांनी ऐकलं. टाळ्या आल्या, त्याच्या नेहमीच्या टाळ्यांपेक्षा कमी. दुसऱ्या गाण्याला दोघेतिघे उठून बाहेर गेले.

रिक्षात तो बराच वेळ बोलत होता. टाळ्या कमी का, ते दोघे कोण होते, पहिल्या गाण्याआधी काहीतरी बोलायला हवं होतं का. मी म्हटलं, बोलायचं नाही. प्रस्तावना केलीस की माफी मागितल्यासारखं होतं.

रात्री अकरा

पोटमाळा. खाली गल्लीत शिमग्याचे ढोल, पण आता माइक बंद आहेत, वाजोत बापडे.

चौथ्या गाण्यात काकांचे चार सूर बसवले. थोडे मागे, थोडे डावीकडे, जणू बसच्या मागच्या दारातून येतायत. ती दीड मात्रा तशीच ठेवली, फक्त आता ती रिकामी नाही. बेसवाल्याला फोनवर पाठवलं, त्याने अंगठा पाठवला; त्याच्याकडून याहून मोठी दाद येत नाही.

मग सगळ्या गाण्यांची पातळी. ऐकवणारी ॲप्स साधारण उणे १४ एलयूएफएसच्या आसपास सगळ्यांना सारखं करतात, त्यामुळे उगाच ठोकून मोठं करण्यात अर्थ राहिलेला नाही. सातवं गाणं मुद्दाम हळू ठेवलं. त्याला भीती, की लोकांना वाटेल रेकॉर्डिंग कच्चं आहे. वाटू दे.

चोवीस बिटच्या आठ फाइली तयार झाल्या. प्रकाशन तीन आठवड्यांनी, शुक्रवारी. २०१५ पासून जगभर नवे अल्बम बहुधा शुक्रवारीच येतात. ॲपवाल्यांच्या संपादकांनी यादीत घ्यावं असं वाटत असेल तर गाणं बरंच आधी त्यांच्यासमोर असलेलं बरं, म्हणून आजची घाई.

बाराला दहा कमी असताना शेवटचं पान उघडलं. प्रत्येक गाण्यापुढे एक चौकट: आक्षेपार्ह भाषा आहे का, हो की नाही. विनोदाच्या रेकॉर्डिंगला तो डोळे मिटून सगळीकडे ‘हो’ करतो. आज मी पहिल्या गाण्यापासून ‘नाही’ करत निघालो होतो, पाचव्यापर्यंत आलो, तेवढ्यात त्याने माझा हात धरला.

“सहाव्याला हो कर.”

“सहाव्यात काय आहे?”

“दुसरी ओळ. बाबा डेपोतून आल्यावर इन्स्पेक्टरला देतात ती.”

पुन्हा लावून ऐकलं. होती. इतक्या प्रेमाने गायलाय की आमच्यापैकी एकालाही आजवर ती शिवी वाटली नव्हती. ‘हो’वर खूण केली, सातव्या-आठव्याला ‘नाही’, आणि फाइली चढायला लावून दोघं खाली चहा मिळतोय का ते बघायला निघालो.